रस्ता बुडायच्या आधी

चि. पोरी,



गुलाल उतरला, सत्काराचे हार सुकले, आता कारभार सुरू झाला असेल. सासरच्या गावानं तुला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं, याचा मला फार अभिमान आहे. तो भेटल्यावर सांगेनच. हे पत्र दुसऱ्या कामासाठी आहे आणि ते मुद्दाम एप्रिलमध्ये लिहिते आहे. १ मेला तुझी ग्रामसभा असेल. पाणंद रस्ते, गटारं, नळपाणी योजना, घरकुलांची यादी हे विषय सभेपुढं येतीलच. पण तुझं गाव शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं आहे. म्हणून त्या सभेत पहिला विषय पुराचा घे, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे. लोक म्हणतील, एवढ्या उन्हात पुराचं काय काढलंस? त्यांना सांग, पुराचे निर्णय कोरड्या दिवशीच घ्यायचे असतात. पाणी वाढायला लागल्यावर माणूस निर्णय घेत नाही, वाट बघतो.

पत्र तुला आहे, पण छापायला देते आहे. नदीकाठच्या कुठल्याही गावात तुझ्यासारखी जी कुणी त्या खुर्चीत बसली आहे, तिनंही ते वाचावं.

माझी सगळी नोकरी आरोग्य सेविका म्हणून अशाच गावांच्या उपकेंद्रांत गेली. २००५चा पूर मी नोकरीत असताना पाहिला. २०१९चा आणि २०२१चा निवृत्तीनंतर, निवारा केंद्रांत पडेल ते काम करत. तेव्हा जे दिसलं आणि कळलं, तेच लिहिते आहे.

आधी पाणी कसं येतं ते बघ. तुझ्या तालुक्यात चार नद्या आहेत. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, आणखी खाली सीमेजवळ दूधगंगा. पाऊस मात्र पडतो तो राधानगरीला, गगनबावड्याला, चांदोलीला, महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात. तुझ्या गावात स्वच्छ ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. आभाळाकडं बघून पुराचा अंदाज बांधणाऱ्याची इथं हमखास फसगत होते. कृष्णा तुडुंब वाहू लागली की पंचगंगेला तिच्यात शिरायला वाव मिळत नाही. मग पंचगंगेला फूग येते, ओढ्यांतून पाणी उलटं चढतं, नदीपासून लांबच्या मळ्यांत आधी पसरतं आणि गावाला मागच्या बाजूनं वेढतं. माणसं नदीच्या घाटाकडं डोळे लावून बसलेली असतात आणि तोवर मागचा रस्ता गेलेला असतो. एकदा असं वेढलं की पाणी लवकर उतरतही नाही.

पण याच भूगोलानं आपल्याला एक गोष्ट दिली आहे, ती म्हणजे वेळ. कोकणात ती नसते. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा लोकांना जेमतेम वरचा मजला गाठता आला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यांना विचार करायलाही सवड मिळाली नाही. आपल्याला मिळते. धरणांतला विसर्ग जाहीर होतो. कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याची आणि सांगलीतल्या आयर्विन पुलाची पाणीपातळी दिवसातून कितीतरी वेळा कळते. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत येतं, हे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही माहीत असतं. ते पाणी वाटेतल्या नद्या भरत भरत आपल्या शिवारात पोचतं, त्याला वेळ लागतो. एवढी सवड असूनही माणसं पाण्यात अडकत असतील, तर त्याचं कारण गावातच शोधावं लागेल.

बाहेरचे लोक म्हणतात, ही माणसं हट्टी आहेत, सांगून ऐकत नाहीत. तू तसं कधी म्हणू नकोस. थांबणाऱ्या प्रत्येकाकडं कारण असतं आणि ते कारण तुला माहीत असलं पाहिजे.

पहिलं कारण जुनी खूण. पाणी गेल्या वेळी मारुतीच्या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही, असं जुनी माणसं छातीठोकपणे सांगतात. २०१९ला कितीतरी घरं २००५ची खूण धरून थांबली. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, तिथं ५७ फुटांच्या वर गेलं. जी घरं २००५ला कोरडी राहिली होती, त्यांतल्या अनेकांना माळ्यावरून आणि छपरावरून उतरवावं लागलं. आणि लोक म्हणाले, आता असा पूर पुन्हा आपल्या हयातीत नाही. दोनच वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर पोचलं. मागच्या पुराची खूण मागच्या पुरापुरतीच खरी असते. ती भिंतीवर जरूर रंगवून घे, पण तिच्यावर कुणाचा जीव टांगू नकोस.

दुसरं कारण जनावरं. निवाऱ्यात उशिरा आलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, एवढं पाणी होईस्तोवर का थांबलात?" ती म्हणाली, "म्हस गाभण हाय माझी. तिला सोडून कशी येऊ?" तिच्या घरात दुधाचा पैसा सोडला तर दुसरा पैसा नव्हता. तिला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं, तिच्या म्हशीची सोय करण्यासारखं मात्र होतं. ती आधी झाली असती तर आजी पहिल्या दिवशीच आली असती.

तिसरं कारण चोरीची भीती. म्हणून घरातला एक कर्ता पुरुष मागं थांबतो, आणि तो थांबला म्हणून बायको थांबते. चौथं कारण अंथरुणाला खिळलेलं माणूस, ज्याला उचलून न्यायला हात नाहीत. पाचव्या कारणाबद्दल बायका मोठ्यानं बोलत नाहीत. निवारा केंद्रात संडास किती असतील, त्यांना कडी असेल का, तिथं दिवा असेल का, कपडे बदलायला आडोसा असेल का, हे माहीत नसतं. त्यापेक्षा आपलं घर बरं, असं त्या मनाशी ठरवतात. ही पाचही कारणं मे महिन्यात सोडवता येतात. ऑगस्टमध्ये एकही सुटत नाही.

आता ब्रह्मनाळबद्दल. ८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं, कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचं हे गाव पाण्यानं वेढलं होतं. बाहेर पडण्यासाठी लोक बोटीत बसले, बोटीला झेपतील त्यापेक्षा जास्त. बोट उलटली आणि १७ माणसं गेली. त्यांत बायका होत्या, लहान लेकरं होती. त्या माणसांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. चहूबाजूंनी पाणी असताना समोर आलेल्या बोटीत लेकरू घेऊन चढू नकोस, असं कुठल्या आईला सांगायचं? मी त्या घटनेतून एवढंच शिकले की बोटीची गरज पडते, तोवर सुटकेचे सोपे मार्ग संपलेले असतात. पुरात वेढल्या जाणाऱ्या कुठल्याही गावाचा रस्ता आठव. दोन-तीन दिवस आधी त्याच रस्त्यावरून एसटी जात असते, ट्रॅक्टर जात असतात, दुधाची गाडी जात असते. अंथरुणावरचं माणूस, बाळंतीण, गाभण म्हैस, धान्याची पोती, सगळं त्या रस्त्यावरून चाकांवर जाऊ शकतं. रस्ता बुडाला की तेच सगळं बोटीत कोंबावं लागतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आधारानं चालेल. गाव सोडायची वेळ घरात येणाऱ्या पाण्यावर ठरवायची नाही, ती रस्त्यावर ठरवायची. गावाचा शेवटचा रस्ता बुडण्याच्या आधी गाव रिकामं झालं पाहिजे.

हे कसं साधायचं? गावाचा स्वतःचा तक्ता तयार कर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि सांगलीत आयर्विन पुलाला ४० फूट, हे आकडे बातम्यांत येतात. पण त्या आकड्याला तुझ्या गावात काय होतं, हे कुठल्याच बातमीत येत नाही. ते पोलीस पाटील, कोतवाल, दूध संस्थेचा गाडीवाला आणि नदीकाठाला रान असलेले शेतकरी यांना माहीत असतं. त्यांना एका संध्याकाळी ग्रामपंचायतीत बसव आणि २०१९चा, २०२१चा सगळा क्रम आठवून लिहून काढ. राजाराम बंधाऱ्याला इतके फूट झाले तेव्हा आपला खालचा ओढा भरला. इतके झाले तेव्हा कुरुंदवाडकडचा रस्ता गेला. इतके झाले तेव्हा मागासवर्गीय वस्तीत पाणी आलं, इतक्याला शाळेच्या पटांगणात. कृष्णेच्या, म्हणजे आयर्विन पुलाच्या, पातळीशीही असाच मेळ घाल, कारण तुला दोन्ही नद्यांचं पाणी लागतं. मग शेवटचा रस्ता ज्या आकड्याला गेला होता त्याच्या बरंच आधी एक आकडा ठरव. वरून येणाऱ्या विसर्गाचा भरवसा नसतो, म्हणून दोन-तीन फुटांची सवड ठेव. तो आकडा शाळेच्या, चावडीच्या आणि दूध संस्थेच्या भिंतीवर लाल रंगात लिहून घे. तो आकडा आला की चर्चा नाही, मतदान नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं, गरोदर बायका आणि जनावरं निघाली पाहिजेत. बाकीच्यांसाठी त्याच्यावरचा दुसरा आकडा. आणि रात्रीचा नियम वेगळा लिही. संध्याकाळच्या आत आकडा जवळ आला असेल तर उजेडातच निघायचं, अंधाराची वाट बघायची नाही.

दुसरं काम यादीचं. आपल्याकडं लग्नात पंगतीला कोण वाढणार, पाण्याला कोण उभं राहणार, आहेराच्या वहीवर कोण बसणार, हे महिनाभर आधी नावानिशी ठरतं. पुराचंही तसंच ठरव. आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडं बरीच माहिती आधीच असते. त्यांच्या वहीतून अशी यादी काढ: ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या बायका, डायलिसिसवरचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, क्षयाच्या गोळ्या चालू असलेले, चालता न येणारे, डोळ्यांनी न दिसणारे, एकटे राहणारे. गरोदर बाईला दवाखाना जवळ असलेल्या नातेवाइकांकडं पंधरा दिवस आधी पाठवलं तर रात्री बोटीत बाळंतपण करायची वेळ येत नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढं गावातल्या दोन धडधाकट माणसांची नावं लिही. दोन अशासाठी, की एक जण गावाबाहेर असला तरी दुसरा हजर असेल. या नावांची जबाबदारी तालमीच्या आणि मंडळाच्या पोरांकडं दे. गणपतीची मिरवणूक काढणारी पोरं रात्रभर जागू शकतात. त्यांना कोणाच्या घरी जायचं आहे हे आधी सांगितलं तर ती पोरं माणसंही बाहेर काढतील. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरचे कामगार, नदीच्या बाजूनं झोपडी टाकून राहिलेली कुटुंबं यांची नावं मतदारयादीत नसतील. ती तू स्वतः फिरून लिहून घे.

जनावरांसाठी उंचावरची जागा मे महिन्यातच बोलून ठेव. साखर कारखान्याचं आवार, माळावरच्या नातेवाइकांचे गोठे, जवळच्या उंचावरच्या गावाचं गायरान. त्या गावच्या सरपंचाला स्वतः जाऊन भेट. वैरणीची आणि पाण्याची बोलणी कर. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी होऊ देत, कारण छावणीत जनावरं एकत्र आली की रोग पसरतो. सगळी काळजी घेऊनही एखादं जनावर मागं ठेवावंच लागलं, तर निघताना त्याचं दावं सोडायचं. हे गावात पुन्हा पुन्हा सांग. सुटं जनावर पोहून उंचावर जाऊ शकतं, बांधलेलं जागीच बुडतं.

चोरीच्या भीतीवर पोलीस ठाण्याशी बोल. गाव रिकामं झाल्यावर गस्तीची बोट कधी फिरेल, हे त्यांच्याकडून आधी ठरवून घे आणि ते गावाला जाहीर सांग. सातबारा, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून निघायच्या पिशवीत जायला हवेत. ग्रामपंचायतीचं दप्तरही वरच्या मजल्यावर किंवा गावाबाहेर हलव. पंचनाम्याच्या वेळी त्या कागदांविना गरिबाचंच नुकसान होतं.

इतकं करूनही बोट लागेल. कुणाचा ताप वाढेल, कुणी मळ्यात अडकेल. म्हणून बोटीचे नियम आधीच लिहून ठेव आणि बोटीवरच रंगव. किती माणसं बसतील तो आकडा. लाईफ जॅकेट नसेल त्याला बोटीत जागा नाही. लेकरांसाठी लहान मापाची जॅकेटं वेगळी मागवून घे, मोठ्यांच्या जॅकेटातून लेकरू निसटतं. मुख्य म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या शेजारी एक माणूस असा हवा, ज्याला गावानं "नाही" म्हणायचा अधिकार दिला आहे. भरलेल्या बोटीत आणखी एक जण चढायला लागला की सरपंचाच्या नवऱ्यालाही त्यानं खाली उतरवलं पाहिजे. जावईबापूंना हे आधीच सांगून ठेव. पाण्याखाली उसाचे फड असतात, झाडांच्या फांद्या असतात, तारा असतात, विहिरी असतात. म्हणून कुठल्या वाटेनं बोट न्यायची हे ओळखणारा गावातला माणूस बाहेरून आलेल्या पथकाच्या बोटीतही बसव. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर, केळीच्या खुंटांच्या तराफ्यावर लोक पाणी ओलांडतात. दुसरा इलाज नसताना तसे जीव वाचलेलेही आहेत, पण वाहत्या पाण्यात त्यांचा भरवसा नसतो. पुलाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधून माणसं उभी कर. गुडघाभर वाहतं पाणी माणसाला पाडतं, दोन फूट वाहतं पाणी मोटार उचलतं. फोटो काढायला गेलेली पोरं पहिल्यांदा तिथंच सापडतात. आणि पाणी डीपीजवळ यायच्या आत वायरमनकडून लाईन बंद करून घे.

मदत बाहेरून येईल, तिच्याबद्दल कृतज्ञ राहा, पण ती लगेच येईल असं धरून चालू नकोस. एनडीआरएफचं दल पुण्याहून निघतं. २०१९ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. मालमोटारींच्या रांगा लागल्या, पेट्रोल मिळेना, कोल्हापुरात पिण्याचं पाणी थांबलं कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. लष्कर आलं, नौदल आलं, तटरक्षक दल आलं, सगळ्यांनी जिवापाड काम केलं. कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्रंदिवस पाण्यात होते. तरीही पहिले तास गावाला गावाच्याच हातांवर काढावे लागले. तळियेतही ढिगाऱ्यापाशी पहिले पोचलेले हात आसपासच्या लोकांचेच होते. केरळात २०१८च्या पुरात मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत आणल्या आणि हजारो माणसं बाहेर काढली. त्यांना पाणी कळत होतं, म्हणून ते जमलं. तुझ्या गावातही पट्टीचे पोहणारे असतील, नावाडी असतील. त्यांची नावं तहसील कार्यालयात नोंदव, आपदा मित्र म्हणून त्यांचं प्रशिक्षण होईल असं बघ, त्यांत मुलींचीही नावं दे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक प्रत्येक उंबऱ्याआत चिकटव.

मोबाईलचे मनोरे बंद पडले की अफवा धावतात. धरण फुटलं, अमुक पूल वाहून गेला, अजून दहा फूट पाणी येणार. घाबरलेली माणसं अशा वेळी चुकीच्या दिशेनं पळतात. म्हणून गावात बोलणारा आवाज एकच ठेव. देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, दोन्हींवरून तेच शब्द, ठरलेल्या वेळी, दिवसातून चार वेळा. नवीन काही नसलं तरी बोलायचं, "पातळी एवढी आहे, वाढ थांबलेली नाही, पुढची माहिती सहा वाजता." आवाज नियमित आला की लोकांचा जीव ठिकाणावर राहतो. वीज गेल्यावर भोंगा चालेल अशी बॅटरी आत्ताच घेऊन ठेव.

निवारा केंद्र हे माझं कामाचं ठिकाण होतं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते. शाळेच्या दोन खोल्या उघडल्या म्हणजे निवारा झाला असं समजू नकोस. मे महिन्यात तिथं स्वतः जा, संडास मोज, कड्या बघ, दिव्यांची सोय बघ. बायकांसाठी वेगळी खोली, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी आडोसा, सॅनिटरी पॅडचा साठा, कपडे वाळत घालायला दोऱ्या. मग गावातल्या बचत गटाच्या बायकांना ती जागा दाखवून आण. त्यांनी एकदा बघितली की पूर आल्यावर त्याच बाकीच्यांना घेऊन निघतील. बाहेरून जुन्या कपड्यांचे ढीग येतात आणि तसेच कुजतात. काय हवं आणि काय नको याची यादी तूच जाहीर कर: सतरंज्या, बादल्या, मच्छरदाण्या, औषधं, झाडू, फिनेल, पशुखाद्य.

पाणी उतरल्यावर बातम्या थांबतात आणि आजार सुरू होतात. विहिरी उपसून, टीसीएल पावडर टाकून, पाण्यातल्या क्लोरीनची ओटी टेस्ट होईपर्यंत कुणी थेट पाणी प्यायचं नाही. घराघरात मेडिक्लोर आणि ओआरएस पोचलं पाहिजे. चिखलात आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो. ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं दिसलं की अंगावर काढायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर डॉक्सिसायक्लिन वेळेवर घ्यायची. घराची साफसफाई करताना हात घालण्याआधी काठी घालावी, कारण घोणस, नाग, मण्यार पुराबरोबर घरात येतात. चावलंच तर चिरा द्यायचा नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडं एक मिनिटही घालवायचं नाही. अवयव न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. प्रतिसर्पविषाचा साठा कुठल्या दवाखान्यात आहे, हे जूनमध्येच विचारून ठेव. आणि ज्या माणसाचं घर पडलं आहे, जनावर गेलं आहे, त्याच्याशी बोलायला रोज कुणीतरी जाईल असं बघ. पंचनाम्याच्या रकान्यात न मावणारं दुःखही असतं.

मोठे प्रश्न आहेत आणि तेही तुझे आहेत. अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४ मीटरच्या वर न्यायचा कर्नाटकाचा आग्रह आहे. आपल्या भागात त्यावर चिंता आहे, आंदोलनं आहेत. २०१९नंतर शासनानं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल आला. धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचं, दोन राज्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हा वाद चालू राहील. त्यात गावाच्या वतीनं आवाज उठव. पण गावाच्या हद्दीतलं जे तुझ्या हातात आहे, तेही तितक्याच जोरानं धर. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ओढ्यात भराव टाकून कुणी गाळे काढायला निघालं, पूररेषेत प्लॉट पाडायला निघालं, तर परवानगीच्या कागदावर तुझी सही असता कामा नये. मागणारा आपल्या गटाचा असला तरीही. ओढा अडला की वरच्या वस्तीत पाणी तुंबतं, आणि तिथं राहणाऱ्यांना ग्रामपंचायतीत ओळखीचं कुणी नसतं.

तर १ मेच्या सभेत असा ठराव मांड. आपल्या गावाचा पूरतक्ता ग्रामसभा मंजूर करत आहे. तक्त्यातला पहिला आकडा आला की यादीतली माणसं आणि जनावरं हलतील, दुसरा आला की गाव रिकामं होईल. प्रत्येक असहाय माणसामागं दोन नावं राहतील. बोटीत ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त बसणार नाही. सरपंच बदलला तरी तक्ता बदलणार नाही, फक्त दर वर्षी मे महिन्यात तपासला जाईल आणि त्याची रंगीत तालीम होईल. ठराव मोठ्यानं वाच, हात वर करून मंजूर करून घे, विरोधी गटाच्या म्होरक्याकडून अनुमोदन घे, आणि पहिली सही तुझी कर.

एखाद्या वर्षी असं होईल की तू आकडा आला म्हणून गाव हलवशील आणि पाणी त्याच रात्री उतरायला लागेल. माणसं सामान घेऊन परत येतील आणि म्हणतील, सरपंचबाईंनी उगाच पळापळ केली. पुढच्या निवडणुकीतही ते ऐकवतील. ऐकून घे, आणि पुढच्या वर्षी आकडा आला की पुन्हा गाव हलव. लवकर निघाल्याबद्दल लोकांनी शंभर नावं ठेवली तरी ती झेलता येतात. उशीर झाला म्हणून कुणाच्या दारात जाऊन बसावं लागलं, तर तिथं बोलायला एक शब्द सापडत नाही. तशी वेळ तुझ्यावर आणि तुझ्या गावातल्या कुठल्याही घरावर येऊ नये, म्हणून हा सगळा आटापिटा.

प्रकृतीला जप. जावईबापूंना आशीर्वाद, लेकरांना गोड पापा. तक्ता तयार झाला की मला बोलाव. निवाऱ्याची जागा मी स्वतः येऊन बघणार आहे.

तुझी,
आत्या